पेटीतली घूं

हे मी बरीच वर्षं टाळलं. टाळायची माझी एक पद्धत होती. कुठे भाऊसाहेबांचा विषय निघाला की मी त्यांच्या एकहाती नमस्काराची गोष्ट सांगायचो. लोक हसायचे आणि त्या हशात माझा भाग सांगायचा राहून जायचा. ते गेले तेव्हा स्मशानात दोन शब्द बोलायला मलाच पुढे केलं. तिथेही मी तीच गोष्ट सांगितली, आणि लोक तिथेही हसले.

तेरवीला आर्णीहून त्यांचे एक जुने मित्र आले होते. मी वाढत होतो, त्याच पंगतीत ते बसले. माझ्याकडे त्यांना सांगायची एक गोष्ट होती. ती सांगण्याऐवजी मी त्यांच्या पानात बुंदी वाढली. परत फिरून आलो, पुन्हा वाढली. पुन्हा आलो, तर त्यांनी पानावर दोन्ही हात आडवे धरले आणि म्हणाले, "गुरुजी, मले शुगर हाय. तुमचा इचार काय हाय?"

माझा विचार काय होता, ते आता लिहितो.

भाऊसाहेब आमचे घरमालक. यवतमाळजवळ लोहाऱ्याला औद्योगिक वसाहतीच्या अलीकडे त्यांचं घर. पुढे ते आणि वहिनी, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको. मी पुसदकडच्या एका शाळेतून निवृत्त झालो होतो. ते सरकारी ऑडिटर म्हणून निवृत्त झाले होते, पण ऑडिट त्यांच्या अंगातून निवृत्त झालं नव्हतं. लाल पेन्सिल कानावर असायची. घरात ज्या वस्तूचा आवाज येईल तिच्यावर ते चिठ्ठी चिकटवायचे. फ्रिजवर "आक्षेप", पंख्यावर "आक्षेप, खुलासा मागवला", दारावरच्या बेलवर "आक्षेप निकाली". बेल निकाली निघाली होती, कारण त्यांनी तिची वायरच काढून टाकली होती. आलेला माणूस कडी वाजवायचा.

आता तो नमस्कार. तरुणपणापासून त्यांना व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरची आवड. गिटारची वायर ज्या पेटीत घालतात ती पेटी. आत काचेचे व्हॉल्व्ह असतात, ते कंदिलासारखे लाल होतात, मग आवाज येतो. ही पेटी बंद केली तरी आत बराच वेळ करंट साठून राहतो. दोन्ही हात आत घातले तर तो एका हातातून शिरतो आणि छातीतून दुसऱ्या हाताला जातो. म्हणून नियम असा की काम करताना एक हात खिशात ठेवायचा. नियम चांगलाच आहे. पण नियम कुठे थांबतो, हे भाऊसाहेबांना कधी कळलं नाही. त्यांचा डावा हात कायम खिशात. नमस्कार एका हाताने. आरतीत टाळी मांडीवर. पायजम्याला खिसा नसतो, म्हणून वहिनींनी त्यांच्या सगळ्या पायजम्यांना डावीकडे खिसे शिवून दिले होते. वहिनी सांगायच्या, "हार घालतानीबी यायचा एक हात खिशातच होता. माह्या मायले वाटलं पोरगा हातानं अधू हाय, आपल्याले फसवलं. थे मांडवातच रडाले लागली."

दोन्ही हात एकदम बाहेर यायचे ते फक्त गिटारसाठी.

ऐन तारुण्यात ते यवतमाळच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. आर्णीचे मित्र त्याच ऑर्केस्ट्रात गायचे. या मित्राचं आर्णीला कापडाचं दुकान. आवाज भरदार, केस काळेभोर केलेले, आणि आपल्याला येत नाही अशी एखादी गोष्ट जगात असेल, हे त्यांना मान्य नव्हतं. पेटी त्यांनीच बनवलेली. जुन्या रेडिओंचे व्हॉल्व्ह, लोखंडी पत्रा, आणि पुढच्या जाळीला दुकानातलं पडद्याचं फुलाफुलांचं कापड. ऑर्केस्ट्रा मोडला तेव्हा पेटी भाऊसाहेबांकडे राहिली. भाऊसाहेब मित्राला नावाने हाक मारत नसत. ते त्याला "आर्णी" म्हणायचे. "आर्णीचा फोन आलता," "आर्णी सर्दीनं झोपून हाय." नवीन माणसाला वाटायचं, अख्ख्या तालुक्याला सर्दी झाली.

पेटीत बिघाडाचे आवाज तीनच, असं भाऊसाहेबांचं म्हणणं. घूं, सूं आणि खरखर. घूं बाहेरून येते, सूं आतून येते, खरखर हात लावला की येते. माणसंही त्यांनी या तीन खणांत टाकली होती. त्यांचा मेहुणा खरखर. "हालवला नाही तं चांगला हाय." कॉलनीचे अध्यक्ष सूं. "आतूनच तसे हायेत, काही होत नाही त्यायचं." घूं कोण, असं विचारलं की ते वहिनींकडे बघायचे आणि वहिनी त्यांच्याकडे.

मला कुठे टाकलं होतं, ते मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "गुरुजी, तुमचा आवाजच नाही. तुम्ही साफ हा." तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं. "आधी बंद करा, मंग बोला." बिघाड शोधायचा तर एकेक गोष्ट बंद करत जायची. गिटारची वायर काढा. घूं गेली तर दोष गिटारचा, राहिली तर पेटीचा. आवाजाची कळ शून्यावर आणा. तरी घूं राहिली तर दोष पेटीच्या मागच्या भागात. मग पुढून एकेक व्हॉल्व्ह काढत चला, ज्याच्या जाण्याने घूं जाईल तिथे चोर. हे सगळं मला समजावून सांगताना ते खऱ्या अर्थाने सुखी असत. अडचण पाहुण्यांची व्हायची. ट्यूबलाइटमुळे घूं येते, पंख्याच्या रेग्युलेटरमुळे येते, म्हणून पाहुणा गिटार ऐकायला बसला की भाऊसाहेब उठून ते सगळं बंद करायचे. मे महिन्यात, आमच्या यवतमाळात. पाहुणा अंधारात घामाने भिजत बसायचा. शिवाय गिटार कोणत्या बाजूला तोंड करून धरली की घूं सगळ्यात कमी येते, ते त्यांनी गोल फिरून शोधून काढलं होतं. ती बाजू नेमकी न्हाणीघराच्या दाराची निघाली. त्यामुळे पाहुण्यांकडे पाठ करून ते न्हाणीघराला गिटार ऐकवायचे. त्यांचं वाजवणं मी कित्येकदा ऐकलं, पण वाजवताना त्यांचं तोंड कसं होतं, हे मला पुष्कळ दिवस माहीत नव्हतं.

आणि अर्थिंगची आंघोळ. घराचा अर्थिंगचा खड्डा मागच्या अंगणात होता. खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून वरून पाणी द्यावं लागतं, जमीन ओली राहिली तरच करंट खाली उतरतो. आमच्याकडे उन्हाळ्यात माणसाला प्यायला पाणी नसतं, तिथे खड्ड्याला कोण देणार? नळ आठवड्याने यायचे, कधी त्याहूनही उशिरा. भाऊसाहेबांनी तोड काढली. खड्ड्यावर फरशी टाकून ते तिच्यावर बसून आंघोळ करायचे. एका बादलीत दोन कामं. मीठही ते आंघोळीच्या वेळीच टाकायचे, म्हणजे ते अंगावरच्या पाण्याबरोबर मुरेल. कॉलनीतल्या बायकांना वाटलं की त्यांनी काहीतरी व्रत धरलं आहे. एक-दोघींनी वहिनींना व्रताचं नाव विचारलं. वहिनींनी सांगितलं, "घूंची सप्तमी."

आता माझ्याकडे येतो.

घर भाड्याने देताना भाऊसाहेबांनी मला एकच अट घातली होती. टिल्लू लावायचा नाही. टिल्लू म्हणजे नळाला लावायचा छोटा पंप. तो पुढच्या घरांचं पाणी आपल्याकडे ओढून घेतो. लावायला बंदी आहे, आणि कॉलनीत सगळ्यांकडे आहे. फक्त भाऊसाहेबांकडे नव्हता. "नळाले आपल्या मनानं येऊ द्या" असं ते म्हणायचे, आणि नळ आपल्या मनाने आला तर करंगळीएवढी धार यायची. त्या धारेखाली आमचा ड्रम भरता भरता नळ जायचे. दोन उन्हाळे मी असे काढले. तिसऱ्या उन्हाळ्यात पुसदच्या बाजारातून टिल्लू आणला. बसमधून उतरताना पिशवीत वर मेथीची जुडी ठेवली होती.

पंपाचा आवाज होतो. त्यावर मी, मुलांना इतकी वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस, एक शास्त्रीय उपाय केला. आमच्या न्हाणीघरात पंप ठेवला, त्याला बायकोची जुनी गोधडी गुंडाळली, आणि वरून टब उपडा घातला. पलीकडच्या खोलीतही ऐकू येईना. माझ्या या कारागिरीचा मला अभिमानच वाटला. वहिनींना कळलं होतं. त्या मागच्या दाराने दोन हंडे आणून ठेवायच्या आणि एकच वाक्य बोलायच्या, "गुरुजी, यायले सांगू नोका." मी सांगणार होतो थोडाच.

त्याच सुमाराला पेटीत घूं यायला लागली.

ती नेहमीची नव्हती. जाड, दमदार. गिटारच्या तारांना हात लावला की बोटांना मुंग्या यायच्या. आणि हे नेमकं त्याच वर्षी झालं, जेव्हा कॉलनीच्या दुर्गोत्सव मंडळाने या दोघा मित्रांना एक संध्याकाळ देऊ केली होती. इतक्या वर्षांनी दोघं पुन्हा एका स्टेजवर बसणार होते. आर्णीवाल्यांनी त्यासाठी आपल्या वडिलांच्या रेडिओतला एक व्हॉल्व्ह काढून आणून दिला होता. तो पेटीत पहिल्या जागेवर बसवला होता. भाऊसाहेब त्याला रोज मलमलच्या फडक्याने पुसायचे.

घूं काढण्यासाठी त्यांनी काय नाही केलं? व्हॉल्व्हचे पाय घासले. आतले कंडेन्सर बदलले. वायरी एकमेकींपासून लांब नेऊन दोऱ्याने बांधल्या. मीठ दुप्पट केलं, अंगावर पुरळ आलं. वहिनींना बांगड्या काढून ठेवायला सांगितलं, तेव्हा वहिनींनी सांगितलं की बांगड्या निघतील पण मग स्वयंपाकही निघेल. शेवटी ऑडिटरच्या लक्षात आलं की ही घूं नळाच्या दिवशीच येते.

मी तेव्हा समोर बसलो होतो, पण मला काही वाटलं नाही. खरं सांगतो, तोवर मलाही ठाऊक नव्हतं. पंपाचा आवाज मी गोधडीत बांधला होता. तो भिंतीतल्या वायरीतून, दोन्ही घरांच्या एकाच अर्थिंगमधून फिरून पुढच्या खोलीत पेटीतून निघेल, हे माझ्या विज्ञानात नव्हतं.

भाऊसाहेबांनी निष्कर्ष काढला की गावभर टिल्लू चालतात, त्यांचा करंट लोखंडी नळातून आपल्यापर्यंत येतो. त्यांनी टिल्लूविरोधी शिष्टमंडळ काढलं. शिष्टमंडळात ते आणि मी. नळाच्या दिवशी घरोघर गेलो. प्रत्येक घरातून घुर्र आवाज येत होता आणि प्रत्येक घर सांगत होतं की मिक्सर चालू आहे. एका घरात तर माणूस म्हणाला, मिक्सर आहे, आणि आतून त्याची बायको म्हणाली, शिलाई मशीन आहे. कॉलनीच्या अध्यक्षांनी उलट विचारलं, "तुमच्या घरी नसन कायवरून?" मी चपलेकडे बघितलं. भाऊसाहेब म्हणाले, "घरात मी हाव, बायको हाय आन गुरुजी हायेत. गुरुजी टिल्लू लावतीन काय?" अध्यक्षांनी मान डोलावली. त्यांनाही ते पटलं.

पुढच्या नळाच्या दिवशी दुपारी त्यांनी मला बोलावलं. मी गिटार धरायची, न्हाणीघराकडे तोंड करायचं, आणि ते पेटी उघडून एकेक व्हॉल्व्ह पेन्सिलने ठोकून बघणार. एखादा व्हॉल्व्ह आतून सैल असला तर ठोकल्यावर आवाज बदलतो. घूं दणदणत होती. माझ्या बोटांना मुंग्या येत होत्या. त्यांनी डावा हात खिशात घातला, पहिल्या व्हॉल्व्हवर, आर्णीच्या व्हॉल्व्हवर, पेन्सिल ठेवली आणि टक् केलं.

घूं थांबली.

त्याच क्षणी मागून माझ्या बायकोचा आवाज आला, "भरला वो ड्रम!" ती हे नेहमी ओरडते. पंप बंद केला की ओरडते.

भाऊसाहेबांचं लक्ष व्हॉल्व्हकडे होतं. माझं बायकोकडे गेलं. थोड्या वेळाने तिने हंड्यांसाठी पंप पुन्हा लावला आणि घूं पुन्हा आली. माझ्या बोटांतून, थेट. मला सगळं कळलं. माझाच टिल्लू मी हातात धरून बसलो होतो.

भाऊसाहेबांनी पुन्हा ठोकलं. घूं थांबली नाही. आणखी ठोकलं. वहिनींचे दोन हंडे लहान होते, लवकर भरले. घूं थांबली.

त्यांनी माझ्याकडे वळून बघितलं. चेहरा घामाने भिजलेला, डोळे चमकत होते. "गुरुजी, हाच काय?"

एवढंच म्हणायचं होतं की हा नाही. त्यापुढे मग टिल्लू आला असता, शिष्टमंडळ आलं असतं, घराची अट आली असती. मी म्हणालो, "हाच."

त्यांनी व्हॉल्व्ह काढला, जुन्या डबड्यातला दुसरा बसवला. आर्णीचा व्हॉल्व्ह कापसात ठेवून शोकेसमध्ये ठेवला आणि त्यावर चिठ्ठी लावली, "आक्षेप."

त्याच संध्याकाळी मी टिल्लू काढला. गोधडीसकट माळ्यावर टाकला. बायकोने कारण विचारलं, मी म्हणालो, बंदी आहे. ती म्हणाली, बंदी काय आज आली? मला वाटलं, मी सुधारलो. पाप थांबवलं, आता हळूहळू सगळं आपोआप ठीक होईल. पण झालं ते उलटंच. पुढचा नळाचा दिवस आला आणि पेटीतून घूं आली नाही. त्याच्या पुढचा आला, तेव्हाही नाही. ऑडिटरला आणखी काय पाहिजे? व्हॉल्व्ह काढला आणि घूं गेली. माझ्या सुधारण्याने आर्णीवाल्यांवरचा आरोप सिद्ध झाला.

भाऊसाहेबांनी त्यांना फोन लावला तेव्हा मी समोर चहा पीत होतो. फोनचा स्पीकर चालू होता, कारण एक हात खिशात.

"आर्णी, सापडली. तुह्या बापाच्या व्हॉल्व्हमध्ये होती."

 पलीकडून आर्णीवाले म्हणाले, "त्यात नव्हती. त्या दिवशी तू मले फोनवर ऐकवली ना, थे पेटीचं नव्हतंच. थे मोटारीचं हाय. तुह्या घरात मोटार चालू हाय कुठंतरी."

"माह्या घरात मोटार नाही."

"असन. तुह्या गुरुजीले विचार."

भाऊसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. विचारण्यासाठी नाही. मला वाईट वाटलं असेल, म्हणून. माझ्या कपातला चहा संपला होता, तरी मी कप तोंडाला लावून ठेवला.

"हे पाह्य," ते फोनमध्ये म्हणाले, "मले काय म्हणाचं थे म्हण. गुरुजीचं नाव घेऊ नोको. घेतलं तं पेटी घेऊन जाय तुही."

"पेटी ठेव तुह्याजवळ," आर्णीवाले म्हणाले. "मी येत नाही."

त्यांनी फोन ठेवला. भाऊसाहेब म्हणाले, "गुरुजी, मनावर घेऊ नोका. आर्णीची खरखर हाय थे. हात लावला का येते." मी म्हणालो, नाही घेत.

दुर्गोत्सवात आर्णी आली नाही. भाऊसाहेब एकटे स्टेजवर बसले. तिथे न्हाणीघर नसल्यामुळे त्यांनी लोकांकडे तोंड केलं होतं, आणि वाजवताना त्यांचं तोंड कसं दिसतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. पेटी स्वच्छ होती. घूं नाही, सूं नाही. त्यांनी सुरुवात केली आणि पुष्कळ वेळ कोणाला काही कळेना. ते गाण्याची चाल वाजवतच नव्हते. गायकाच्या मागे गिटार जेवढी वाजते, तेवढीच वाजवत होते. अंतरा आला की रिकाम्या माइककडे बघून मान हलवायचे, तिथे आर्णीवाल्यांनी घ्यायचं होतं. मग सोडलेल्या जागेपुरतं हळू वाजवायचे. मागून एक जण ओरडला, "काका, गाणं कवा सुरू होते?" लोक हसले. ते वाजवत राहिले. एकामागून एक, अशी अख्खी संध्याकाळ त्यांनी गाणी नसलेली गाणी वाजवली. अध्यक्षांनी आभार मानताना सांगितलं की काही तांत्रिक कारणाने आज आवाज आला नाही.

घरी येताना मी विचारलं, चाल काहून वाजवली नाही? ते म्हणाले, "चाल त्याची हाय. मी साथ देतो."

मी त्या दिवशीच सांगायला पाहिजे होतं. रस्ता लांब होता, आम्ही दोघंच होतो. मी त्यांची पेटी उचलून चालत होतो, आणि पेटी जड आहे असं म्हणत होतो.

बरीच वर्षं गेली. दोघांचं बोलणं बंदच राहिलं. भाऊसाहेब आर्णीकडचं वर्तमान मात्र ठेवायचे. तिकडून येणाऱ्या माणसाला विचारायचे, दुकान उघडं होतं काय, बाहेर कोण बसलं होतं, केस काळेच होते काय.

मग एके दिवशी डबड्यातला तो दुसरा व्हॉल्व्ह मेला. यवतमाळात मिळेना. घरात एकच शिल्लक होता, शोकेसमधला, आक्षेपाचा. भाऊसाहेबांनी चिठ्ठी काढून तो बसवला. मला बोलावलं. नळाचा दिवस होता, त्यांनी मुद्दाम तोच निवडला. पेटी लावून आम्ही दोघं समोर बसलो. व्हॉल्व्ह लाल झाला. आवाजाची कळ पूर्ण वर नेली. काही नाही. वहिनी आत भाजीला फोडणी देत होत्या, तिचा आवाज आला, पेटीचा आला नाही.

त्यांनी पेन्सिलने ठोकलं. काही नाही.

"गुरुजी," ते म्हणाले, "हा तं साफ हाय."

मी म्हणालो, "हो जी."

"मंग थे घूं कायची होती?"

मी आवाजाची कळ शून्यावर आणली. त्यांनी पेटी बंद केली, एक हात खिशात घातला आणि कितीतरी वेळ त्या व्हॉल्व्हकडे बघत राहिले. मी म्हणालो, जाऊ द्या ना, फोन करा आर्णीले, चुकलं म्हणा. ते म्हणाले, तसं होत नाही. आयुष्यभर त्यांनी एक गोष्ट पाळली होती. कारण दाखवल्याशिवाय आक्षेप मागे घेता येत नाही. नुसतं चुकलं म्हटलं तर तो उपकार होतो, समोरचा निर्दोष ठरत नाही. "घूं कुठून आलती थे सांगता आलं पाह्यजे. मंग मी त्याच्या दुकानात जाऊन सगळ्यायच्या समोर सांगतो."

तेव्हापासून ते कारण शोधत राहिले. भिंतीतल्या वायरी तपासल्या. छतावर चढले. खड्डा उकरून नवीन कोळसा भरला. माळा त्यांनी तपासला नाही, कारण माळा माझ्याकडच्या बाजूला होता.

त्या काळात त्यांचं ऐकणं कमी होत होत जवळजवळ बंदच झालं. वहिनींनी हट्टाने कानाचं मशीन आणलं. भाऊसाहेब ते घालून सगळ्या घराचा आवाज ऐकायचे, आणि चिठ्ठ्या पुन्हा वाढल्या.

मी एका सकाळी ठरवलं. बायकोला सांगितलं, आज सांगून येतो. ती म्हणाली, "घर सोडा लागन." मी म्हणालो, लागेल तर लागेल. मी पुढच्या खोलीत गेलो. ते खुर्चीत बसले होते. मी त्यांच्या कानाजवळ खुर्ची ओढली आणि वाकलो, तसं मशीन शिट्टी मारायला लागलं. कानाजवळ काही आलं की ती मशीनं अशीच ओरडतात. भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर जुना आनंद आला. त्यांनी बोट वर केलं.

"थांबा गुरुजी. आधी बंद करा, मंग बोला."

त्यांनी मशीन कानातून काढलं, बटण बंद केलं, तळहातावर ठेवलं. दुसरा हात खिशात गेला. मग मशीन मांडीवर ठेवून त्यांनी कानावरची पेन्सिल घेतली आणि ते टक् टक् ठोकायला लागले.

आता त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मला बोलता आलं. मी सगळं सांगितलं. पुसदचा बाजार, मेथीची जुडी, गोधडी, टब. बायको भरला म्हणून ओरडली ते. हाच म्हणालो ते. घूं माझी होती, आर्णीवाल्यांची नव्हती, तुम्ही माझ्यासाठी तुमचा माणूस तोडला, मला माफ करा, असं मी शेवटपर्यंत, एकही शब्द न गिळता, मोठ्याने म्हणालो. आतून वहिनींचं भांडी घासणं थांबलं होतं.

भाऊसाहेबांनी मशीनचं छोटं बटण फिरवलं, फुंकर मारली, ते कानात बसवलं. मान वाकडी करून ऐकलं. शिट्टी गेली होती. ते खूश झाले. माझ्याकडे वळून खुर्ची जवळ घेतली आणि कान पुढे केला.

"हं, बोला गुरुजी. आता बिल्कुल साफ हाय."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"काही नाही जी," मी म्हणालो. "नळ आले काय, थेवढं विचाराले आलतो."